गजा भरधाव नव्हता

गजा, तुझ्या मरणाची बातमी छापून आली आहे आणि त्यात तुला रॉक ऐकायला लावलंय.

रॉक! 'कानात रॉक संगीत, भरधाव दुचाकीस्वार ठार.' आतल्या पानावर कोपऱ्यात, खताच्या जाहिरातीला चिकटून. औषधाच्या दुकानाचं शटर वर करून मी पेपर उघडला आणि समोर गिऱ्हाईक खोकत उभं असताना मोठ्याने शिवी हासडली. शेजारचे कापडवाले काका धावत आले. "अरे विनायक, काय झालं?" मी म्हटलं, "काका, गजा डूम ऐकायचा. रॉक नव्हे, डूम!" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्याच दुकानातली एखादी झोपेची गोळी मला द्यावी. मित्र गेला आणि याला हे काय सुचतंय, असं त्यांना वाटलं असणार. तुला कळलं असतं. तू 'ठार' या शब्दाकडे ढुंकून पाहिलं नसतंस. 'रॉक' या शब्दावरून मात्र पेपरच्या ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटला असतास, आणि जाताना मलाही ओढून नेलं असतंस.

कानात, रॉक, भरधाव. तिन्ही खोटं. एका ओळीत माणूस किती खोटं लिहू शकतो, याचा हा नमुना. आणि गंमत बघ, ते खोटं आहे हे जाणणारा अख्ख्या महाड-पोलादपुरात मी एकटा. मी, थ्रॅशवाला, म्हणजे मेटल संगीताच्या वेगवान शाखेतला. तुझ्या डूमला जन्मभर 'म्हशीचं संगीत' म्हणणारा. आता म्हशीची वकिली मी करायची. वा रे वा! मरताना तरी जरा सोय बघून मरायचंस.

आपली ओळख झाली तीच मुळी या भांडणातून. कॉलेजचं पहिलं वर्ष. महाडच्या एस्टी स्टँडवर तू पोलादपूर गाडीची वाट बघत होतास आणि मी उगाच हिंडत होतो, कारण पुण्याच्या मामाने मला काळा टी-शर्ट दिला होता, त्यावर जळती कवटी होती, आणि ती गावाला दाखवायची होती. तू सरळ समोर आलास. ना नाव, ना गाव. "थ्रॅश की डेथ?"

मला वाटलं, हा मला काहीतरी धमकी देतोय. मी छाती काढून म्हटलं, "रॉक."

तुझा चेहरा असा झाला की जणू मी पानात वाढलेल्या जेवणावर चप्पल ठेवली. "रॉक म्हंजे काय? माझ्या आयेला विचार, घरात भात हाय का. ती विचारील, कुठला? जया, रत्ना, का कोलम? नुसतं भात म्हंजे काय असतं? तुमी बाजारातली लोकं. तुमाला सगळं पोत्यातलं सारखंच."

तुझी गाडी आली. कंडक्टर ओरडला. तू हलला नाहीस. स्टँडच्या बाकावर मला बसवून तू शिकवणी घेतलीस, आणि ती अशी की मी आजतागायत विसरलो नाही. पुस्तकातली व्याख्या तुला ठाऊक नव्हती. तुझं शास्त्र वेगळंच होतं. गाणं लागलं की अंगातलं काय हलतं ते बघायचं, म्हणालास. कंबर हलली तर हार्ड रॉक, कारण तो ब्लूजच्या घरातला पोर, त्याला नाचाची सवय. कंबर थांबून मान हलायला लागली की समजायचं हेवी मेटल आलं. छाती फुगली, आपण घोड्यावर बसून तलवार घेऊन निघालोय असं वाटलं, तर पॉवर मेटल. "आणि केस हलले तर?" मी विचारलं. "तर ग्लॅम," तू म्हणालास, "आणि तसल्यांशी आपण बोलत नाय."

मग मूठ. मूठ वळली, दात आवळले, कुणाला तरी जाब विचारावासा वाटला, तर ते थ्रॅश. गिटार करवतीगत चालते, ढोलकीवाला मागे लागलेला असतो, आणि गाणारा पुढाऱ्यांवर, लढाईवर, सगळ्यांवर खवळलेला असतो. डेथ त्याहून खाली, पोटात. गाणारा गुरगुरतो, तारा सैल करून आवाज जमिनीला टेकवलेला असतो, आणि आतडी हलतात. ब्लॅकला अंगावर काटा येतो. पातळ, थंड आवाज, जसं कुणी पत्र्यावर नखं ओढतंय, आणि रेकॉर्डिंग मुद्दाम वाईट.

"आणि डूम?" मी विचारलं.

तू हसलास. "डूमला काय बी हलत नाय. डूमला माणूस बसतो."

पुढची गाडीही तू सोडलीस. ही सगळी विद्या तुझ्या मावसभावाची कृपा. तो मुंबईला कुरिअरमध्ये कामाला होता, फोर्टातल्या फुटपाथवरून कॅसेटी आणायचा आणि गणपतीला गावी आला की तुझ्या हवाली करायचा. त्याला स्वतःला हिंदी गाणी आवडायची. तुझ्यासाठी मात्र तो फुटपाथवाल्याला सांगून ठेवायचा, "सगळ्यात भयाण चित्र असेल ती दे." अशी निवड! आणि त्या भयाण चित्रांतून तू हळूहळू निवडून, पाखडून, वेगळं करत गेलास. आमच्या घरच्या टू-इन-वनवर आपण त्यांच्या कॉप्या काढायचो. माझी आई स्वयंपाकघरातून विचारायची, "अरे, तो माणूस इतका का ओरडतोय, त्याला काय दुखतंय?" तू अदबीने उत्तर द्यायचास, "काकू, ह्यो थ्रॅशवाला हाय. ह्याला दुखत नाय, ह्याला राग हाय. दुखतं त्यो दुसऱ्या कॅसेटवर." आई म्हणायची, "मग दुसरी लाव, बिचाऱ्याला बघू तरी."

त्यावरूनच आपलं जन्माचं वाजलं. मी थ्रॅश धरलं, तू डूम. मी म्हणायचो, जगात चीड येण्यासारखं एवढं पडलेलं असताना तू हे रांगत काय ऐकतोस? एक सूर मारतो आणि जेवून येतो तो गिटारवाला! तू म्हणायचास, "तुझं गाणं म्हंजे तापाची गोळी. घाम आला, ताप उतरला, तीन मिनटात माणूस मोकळा. राग लवकर संपतो रे, विनू." मी वडिलांच्या औषधाच्या दुकानात बसायला लागल्यावर तर हे तुझं पालुपदच झालं. दुकानात शिरताना म्हणायचास, "तापाच्या गोळ्या हायत का?"

राग लवकर संपतो म्हणे. दहा दिवस झाले, गजा. ये आणि ताप मोजून बघ.

आता त्या तीन खोट्यांपैकी पहिलं. कानात. अरे, तू गाणं ऐकायचास कसं, हे ज्याने पाहिलंय त्याला हसू येईल. भिंतीला किंवा खांबाला पाठ लावायची, पाय लांब सोडायचे, हात मांडीवर. डोळे उघडे. मध्ये कुणी बोललेलं चालायचं नाही, चहा पिणंसुद्धा नाही. एकदा मी तुला म्हटलं, एस्टीत ऐक की, रोजचा एवढा वेळ जातो. तू म्हणालास, "आये भजनाला बसली की मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडते काय? गाणं ऐकायचं तर गाणं ऐकायचं." आणि वर, "एस्टीचा आवाज मध्ये येतो. तो टिनपाट मेटल." असा माणूस गाडी चालवताना कानात लावून ऐकेल? हॅट्! तू तर कंपनीतही कधी वॉकमन बाहेर काढला नाहीस. रासायनिक कारखान्यातली धूळ बसेल म्हणून पंच्यात गुंडाळून ठेवायचास, तान्ह्या पोराला ठेवतात तसा.

तू गेलास त्या संध्याकाळीही वॉकमन पंच्यात गुंडाळलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. शिफ्ट संपवून तू दुकानात आलास. आदल्या रविवारचं भांडण अर्धवट राहिलं होतं. एक कॅसेट होती, तिच्यात चाल डूमची आणि आवाज गुरगुरणारा. मी म्हणत होतो, गुरगुरतोय ना, मग डेथच्या खात्यात घाल, निदान डेथ-डूम तरी म्हण. तू लाल झाला होतास. "आवाजावरून जात ठरवतोस? काय हलतं ते बघ!" आणि त्या दिवशी मला बसवून ऐकवायलाच तू ती घेऊन आला होतास. गल्ल्यामागच्या स्टुलावर मला बसवलंस, हेडफोन माझ्या डोक्यावर घातलास. पहिला सूर लागला, आणि लगेच एक बाई मुलाच्या जुलाबाचं औषध मागायला आल्या. मग एक आजोबा. मग कुणी पट्टी मागितली. तू कपाळाला हात लावलास आणि हेडफोन काढून घेतलास. "गिऱ्हाईक असताना ऐकायचं नाय. रविवारी पडवीत ये, तुझं थोबाड बंद करतो." वॉकमन पंच्यात गेला, पंचा पिशवीत गेला. पिशवीची चेन तुटलेली, ती तू नेहमीसारखी सुतळीने बांधलीस. गाडीला किक मारलीस. मी मागून ओरडलो, "डेथ-डूम!" तू मागे न बघता हात हलवलास, म्हणजे जा रे जा.

रॉकचं वर झालंच. आता तिसरं खोटं, भरधाव. अरे देवा! तू? तुझ्या मागे बसून मी एकदा पोलादपूरला आलो तेव्हा आपल्याला एक लग्नाचा टेम्पो, दोन ट्रॅक्टर आणि एक सायकलवाला ओलांडून गेला. सायकलवाला वळून हसला! मी म्हटलं, उतरून ढकलू का? तू म्हणालास, "पोचायचंच हाय ना?" जेवायला बसलास तर पंगत उठायची आणि तुझा ताकभात चालूच. असा माणूस भरधाव.

भरधाव काय होतं ते मी सांगतो. पोलादपूरच्या अलीकडे वळण संपतं तिथे रस्त्याच्या कामाची खडी टाकलेली होती, अर्ध्या रस्त्यात, ढीगच्या ढीग. ना दिवा, ना पांढरा दगड, ना साधी झाडाची फांदी. दिवेलागणीची वेळ. वळणावरून येणाऱ्याला ती दिसणार कशी? बातमी कळल्यावर मी पोचलो तोवर तुला नेलं होतं. पण सकाळी परत गेलो, आणि काय बघतो? ढिगाभोवती नवीकोरी लाल फडकी! काठ्यांना बांधून, कशी छान फडफडत होती. एका रात्रीत ठेकेदाराला लाल फडकी सापडली. तुझ्या आधी का नाही सापडली, हे त्याला कोण विचारणार? पेपरने विचारलं नाही. पेपरला तुझ्या पिशवीतून लोंबणारी वायर दिसली. सुतळी तुटली होती, हेडफोनची वायर बाहेर आली होती, कुणीतरी पाहिली, कुणीतरी सांगितली, आणि पोलादपूरच्या स्टँडपासून उमरठच्या वाटेपर्यंत जाईजाईतो ती वायर तुझ्या कानात पोचली. खडी सगळ्यांना दिसत होती. पण खडीला कोण दोष देणार? वायर सोपी.

मी चौकीवर गेलो. जबाब द्यायचाय म्हटलं. हवालदाराने विचारलं, "तुम्ही जागेवर होता?" नव्हतो. "मग काय जबाब?" मी सांगितलं, की वॉकमन बांधून ठेवताना मी पाहिलंय, आणि त्यातली कॅसेट डूमची आहे, आणि डूम हे जगातलं सगळ्यात सावकाश संगीत आहे, त्यावर माणसाला वेग येऊच शकत नाही. तो पेन ठेवून माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे हळू रॉक?" मी म्हटलं, "रॉक नाही हो!" तो हसला. दुसरा हवालदार हसला. "ही धांगडधिंगावाली पोरं अशीच जातात, साहेब, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मी साहेब! मूठ वळली, दात आवळले. थ्रॅश, गजा, शंभर टक्के थ्रॅश.

पण यांचं काय घेऊन बसलास. पेपर उद्या भेळेला जाईल, हवालदाराची बदली होईल. माझं डोकं फिरलं ते तुझ्या घरी. सातव्या दिवशी मी वर तुझ्या वाडीत आलो. तुझी आई पडवीत बसली होती आणि आल्यागेल्याला एकच सांगत होती. "मीच घेऊ दिला तो गाण्याचा डबा त्याला. गणपतीला हट्ट केला, मंग मीच बोलले, आण. काय ठावं, त्याच्या पायी गाडी पळवील?" तिने पेपर वाचलेला नाही, तिला वाचता येत नाही. पण तुझ्या थोरल्या चुलत्याने, तात्याने, तिला वाचून दाखवला. शब्द न् शब्द. मी म्हटलं, "काकी, तो हळू चालवत होता." ती म्हणाली, "तू त्याचा मैतर. तू तेच सांगणार." बस्स. तुझ्या मित्राचं मित्र असणंच खोटं ठरलं. आणि ती बाई उरलेला जन्म हे उराशी धरून काढणार, की आपण पोराला डबा घेऊ दिला आणि पोराने त्याच्या नादात जीव दिला. खडीचं नावही नाही. गजा, तुला सांगतो, मला त्या क्षणी तुझाच राग आला. इतकी वर्षं अंगातलं काय हलतं ते तू मला शिकवलंस, हवालदारापासून सायकलवाल्यापर्यंत कुणालाही शिकवलं असतंस. आईला एकदा हेडफोन घातला नाहीस?

तात्याचं तुझ्याशी जुनं होतं, ते मला माहीत आहे. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी निघते, पुढे तुमचा खालुबाजा, सनई, टिमकी आणि तुझ्या गळ्यात ढोल. एका वर्षी सगळी घरं फिरून पालखी देवळात परत जाताना तू ढोल सावकाश केलास. एक ठोका, मग नुसतं थांबणं, मग एक ठोका. पालखी नाचवणाऱ्यांची पावलं चुकली. टिमकीवाल्याला कळेना कुठे मारू. तात्याने भर वाटेत तुझ्या हातातली काठी काढून घेतली आणि दुसऱ्याला दिली. तू दुकानात येऊन हे सांगितलंस तेव्हा तुझा चेहरा लग्न ठरल्यासारखा होता. "विनू, गावात पैल्यांदा डूम वाजला!" मी म्हटलं, "आणि गावाने पहिल्यांदा बंद पाडला."

दहाव्याला सावित्रीच्या काठी सगळे जमले. पिंड ठेवला. कावळे वडाच्या फांदीवर, खाली एकही येईना. मग नेहमीचं सुरू झालं. तुझ्या धाकट्या भावाने सांगितलं, आयेला बघतो. कुणी सांगितलं, बहिणीचं लग्न करू. कावळा ढिम्म. मग तात्याने पिशवी पुढे आणली. तुझ्या कॅसेटी, गजा. सगळ्या. "ह्यात जीव अडकलाय त्याचा. मरणाची गाणी हायत ही. चित्रं बघा, हाडं न् कवट्या. ह्यानंच घरात मरण बोलवलं. नदीत सोडा, मंग शिवतो का नाय बघा."

मी पिशवीचा दुसरा बंद धरला. दहाव्याच्या दिवशी, सगळ्या गावासमोर, तुझ्या थोरल्या चुलत्याशी रस्सीखेच केली. बोलूनही गेलो. "तात्या, मरण खडीने आणलं! कॅसेटी बुडवताय, तर ठेकेदाराला बुडवा आधी!" लोक कुजबुजले. भटजी हातात दर्भ घेऊन वैतागले होते. तेव्हा तुझी आई मागून म्हणाली, "विनू, त्याचं काय मागणं राह्यलं असंल तर तूच बोल रे. तुलाच ठावं."

आणि मला ठाऊक होतं, हे तू जाणतोस. सगळे माझ्याकडे बघत होते. एवढंच म्हणायचं होतं की गजा, तुझं खरं, ती कॅसेट डूमची, आणि डूम सगळ्यांत सरस. कावळा झडप घालून आला असता, माझी खात्री आहे. पण तू मेलास म्हणून मी खोटं बोलू? तुला चाललं असतं? तूच स्वर्गातून खाली येऊन मला लाथ घातली असतीस. मी पिंडाकडे बघून मोठ्याने म्हटलं, "गजा, तू सावकाश चालला होतास. हे मी चौकीवर, पेपरात, कुठेही पुन्हा पुन्हा सांगेन. दुसरं जे तुला ऐकायचंय ते मात्र मी म्हणणार नाही."

कावळा आला नाही. भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला. घरी परतताना बाया हळहळत होत्या, आत्मा अतृप्त राहिला म्हणून. राहणारच! भांडण अर्धं टाकून तू कधी तृप्त झाला होतास?

पिशवी मी सोडली नाही. वाडीत आल्यावर तुझी आई म्हणाली, "दे हिकडं." मला वाटलं, चुलीत घालते. तिने पिशवी पडवीत खांबापाशी ठेवली आणि तेराव्याच्या जेवणाचे तांदूळ सुपात घेऊन बसली. अंगणात माणसं, तात्या जाजम झाडत होता. ती खडे काढत राहिली. मग खाली बघतच म्हणाली, "त्या दिवशी डब्यात काय होतं?"

वॉकमन तुझ्या कपड्यांबरोबर परत आला होता. कोपरा फुटला होता, पण झाकण उघडलं तर कॅसेट आत तशीच. ज्या गाण्यावर आपलं भांडण अडलं तीच. मी सेल बदलले, हेडफोन तिच्या डोक्यावर, पदरावरून घातला आणि बटण दाबलं. हेडफोनच्या कडेने बारीक आवाज झिरपत होता, मलाही ऐकू येत होतं. एक सूर. मग नुसतं थांबणं. मग ढोलाचा एक ठोका. तिचा हात सुपात फिरत होता. मग हळू झाला. मग गुरगुरणारा आवाज आला, आणि मला वाटलं, झालं, आता काढून फेकते. तिने हात थांबवला. सूप मांडीवरून उचलून बाजूला ठेवलं. मागे सरकली, पाठ खांबाला टेकवली आणि पाय लांब केले.

तात्या अंगणातून म्हणाला, "अगो, तांदूळ कधी व्हायचं?"

कानात हेडफोन असलेली माणसं बोलतात तशी ती मोठ्याने, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं बोलली. "गप ऱ्हावा, भावजी! ह्यात कुठं घाई हाय? सांगा ना, ह्यावर कोण गाडी पळवील?" तात्या जाजम हातात धरून उभा. "ह्ये त्यानं पालखी देवळात नेताना वाजवलं होतं. मी वळखलं. तुमी काठी काढून घेतली त्याच्या हातातली. माझा पोर सावकाश येत होता. सावकाशच येत होता तो!" आणि मग ती रडली, दहा दिवसांत पहिल्यांदा, डोळे उघडे ठेवून, हात मांडीवर ठेवून. तात्याने जाजम खाली ठेवलं आणि तो ओट्याच्या कडेला टेकला.

बाजू संपली, बटण टक्कन वर आलं. तिने डोळे पुसले आणि विचारलं, "दुसऱ्या अंगाला बी हाय?"

मी कॅसेट उलटी केली. करताना माझी मान हलली नाही, मूठ वळली नाही. मी खांबाच्या दुसऱ्या बाजूला पाठ लावून बसलो.

पण याचा अर्थ तू जिंकलास असा काढू नकोस. तो गुरगुरत होता, ते मी ऐकलं. डेथ-डूम. ये, भांड.